मामींना तुमचे बालपण आठवत नाही, तेव्हा

पत्र (संक्षिप्त) : माझे वय ५२ असून मी बेळगावात शहापूरला राहते. आई आणि वडील दोघेही नोकरीला असल्यामुळे वयाच्या सातव्या वर्षापासून दहावीपर्यंतची माझी प्रत्येक उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी आजोळी, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूच्या एका गावात, मामींजवळ गेली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. मामी आता ८१ वर्षांच्या आहेत आणि दोन वर्षांपासून त्यांना विस्मरण होऊ लागले आहे. मी गेले की त्या मला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारतात आणि कन्नडमध्ये बोलू लागतात, कारण त्यांचे माहेर बैलहोंगल तालुक्यातले. मला बाजारापुरतेच कन्नड येते. राखेत भाजलेली रताळी, करवंदांच्या जाळ्या, मी तापाने फणफणले असता वळवाच्या पावसात मला पाठीवर घेऊन त्यांनी रात्री ओलांडलेला ओढा, यांतले काहीच त्यांना आठवत नाही. मी पुन्हापुन्हा विचारते, 'मामी, आठवतंय काय?' मागच्या खेपेस त्यांनी चिडून पुढ्यातले ताट सरकवले. वहिनी म्हणाल्या, 'तुम्ही येऊन गेलात की दोन दिवस त्या बेचैन असतात.' मामेभाऊ तर म्हणतो की ओढ्यातून मला नेले ते मामांनी. त्या दिवसांना आता साक्षीदारच उरला नाही असे वाटते. मी आठवण करून देणे थांबवावे का? आणि ते दिवस खरोखर मला आठवतात तसेच होते का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आठवण करून देणे थांबवा. जाणे मात्र मुळीच थांबवू नका. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, आणि त्यामुळेच वहिनींचे बोलणे तुम्हाला 'येऊ नका' असे ऐकू आले असावे, अशी मला शंका आहे.

'आठवतंय काय?' हा प्रश्न तुमच्या दृष्टीने मायेचा आहे. मामींच्या बाजूने पाहिले तर समोर बसलेली एक ओळखीची वाटणारी बाई काहीतरी विचारते, उत्तर आपल्याजवळ असायला हवे हे जाणवते, ते सापडत नाही, आणि त्या बाईचा चेहरा उतरतो. नाव आणि प्रसंग हातून निसटले तरी समोरच्याचा चेहरा वाचण्याची शक्ती या आजारात पुष्कळ काळ टिकते. म्हणजे आपण कोणाला तरी दुखावले एवढे त्यांना कळते, कशाने दुखावले हे कळत नाही, आणि ती अस्वस्थता तुम्ही परतल्यावरही मागे राहते. त्यांनी ताट सरकवले ते यापोटी. तुमच्यावरचा राग त्यात मला दिसत नाही.

पुढचे लिहिण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. मामींना डॉक्टरांना दाखवले आहे की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. वयामुळे विसरायला होते असे म्हणून आपल्याकडे हा विषय सोडून दिला जातो, परंतु ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, खिन्नता, कमी ऐकू येणे, काही औषधांचा परिणाम अशी विस्मरणाची काही कारणे उपचारांनी दूर होण्यासारखी किंवा निदान सौम्य होण्यासारखी असतात. बेळगावात मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची सरकारी संस्था आहे. चार दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला, तर मात्र वाट पाहू नये. वृद्धांमध्ये लघवीच्या साध्या जंतुसंसर्गानेही असे होते आणि त्यावर तातडीने उपचार लागतात.

आता तुमच्या मुख्य दुःखाकडे येते. मामींना बहीण आठवते, माहेर आठवते आणि तुम्ही नेमक्या गळून गेलात, याचा अर्थ त्यांच्या लेखी तुमचे मोल कमी होते असा तुम्ही लावला आहे. पत्रात तसे शब्द नाहीत, तरी ओळीओळीतून ते जाणवते. तो अर्थ चुकीचा आहे आणि त्यामागचे कारण सांगता येण्यासारखे आहे. विस्मरणाच्या आजारांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला सुरुवातीलाच इजा पोहोचते, म्हणून काल घडलेले आधी पुसले जाते आणि जुने अधिक काळ टिकते. जुन्यातही सगळे सारखे टिकत नाही. उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर सर्वांत जास्त आठवणी साधारण १० ते ३० या वयातल्या निघतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे. आता तुमची आणि मामींची वये शेजारीशेजारी मांडून पाहा. तुम्ही ७ ते १५ वर्षांच्या होतात, तेव्हा मामी ३६ ते ४४ वर्षांच्या होत्या. तुमचा आठवणींचा बहर जिथे सुरू झाला, तिथे त्यांचा सरून गेला होता. त्यांचा बहर बैलहोंगलच्या काळ्या मातीत, धाकट्या बहिणीबरोबर आणि लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत होऊन गेला. तुम्ही त्यांना भेटलात तेव्हा त्या संसाराच्या ऐन रगाड्यात होत्या.

तो रगाडा कसा होता, याचा विचार तुम्ही केला आहे असे पत्रावरून वाटत नाही, आणि लहान मुलाने तो करावा अशी अपेक्षाही नसते. पण आता करून पाहा. दिवाळीची सुट्टी म्हणजे भातकापणीचे दिवस. उजाडायच्या आत विळा घेऊन शेतात, मग मळणी, खळ्यावरची राखण, गुरे, धारा, घरच्या आणि कामाला आलेल्या माणसांच्या भाकरी. मे महिना म्हणजे काजूबिया वेचणे, पावसाळ्याची लाकडे आणि शेण्या आत घेणे, कौले चाळून घेण्याची घाई. तुम्ही लिहिले आहे की मामी चुलीच्या राखेतून रताळे चिमट्याने काढून पदराने झटकत, मोडून त्यावर फुंकर घालत, मधला गाभा तुम्हाला देत आणि करपलेली टोके स्वतः खात. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुमच्यासाठी ती मेजवानी होती. त्यांच्यासाठी ती बहुधा दिवसभरानंतरची बसायला मिळालेली पहिली पाच मिनिटे होती, आणि ती त्यांनी तुम्हाला दिली. रोज इतक्या सहजपणे केलेले असे काम करणाराच्या लक्षात राहत नाही. ज्याच्यासाठी केले जाते त्याच्या लक्षात राहते. त्या दिवसांचा साक्षीदार उरला नाही असे तुम्ही म्हणता, पण साक्षीदार प्रथमपासून तुम्हीच होतात.

म्हणून पुढच्या खेपेस तुमच्या वर्षांत मामींना ओढून आणण्याऐवजी तुम्ही त्यांच्या वर्षांत जाऊन बसा. त्या बहिणीच्या नावाने हाक मारतील तेव्हा 'मी ती नव्हे, मी तुमची भाची' अशी दुरुस्ती करू नका. खोटे बोलण्याचीही गरज नाही. ओ द्या, जवळ बसा, हात हातात घ्या. आपल्या बालपणीच्या सोबतिणीच्या जागी त्यांनी तुम्हाला बसवले आहे, याहून जवळची जागा त्यांच्यापाशी आज बहुधा शिल्लक नाही. ती बहीण हयात आहे की नाही हे मात्र जाण्याआधी माहीत करून घ्या. ती वारली असेल तर ते त्यांना सांगत बसू नये, कारण अशा माणसाला ती बातमी प्रत्येक वेळी नवीच असते आणि दुःखही प्रत्येक वेळी पहिल्याइतकेच होते. बहिणीची चौकशी त्यांनी केलीच, तर 'ती कशी होती? तुम्ही दोघी काय करायचात?' असे विचारून त्यांना बोलू द्यावे.

कन्नडचा प्रश्न तुम्ही संकोचाने लिहिला आहे. ज्यांच्या दोन भाषा असतात त्यांची नंतर आत्मसात केलेली भाषा या आजारात आधी मागे पडते आणि पहिली पुढे येते, असे पुष्कळदा दिसते. मामींनी साठ वर्षे तुमच्या आजोळी मराठीत संसार केला. आता त्यांचे मन ज्या अंगणात फिरते आहे तिथे कन्नड बोलले जात होते, एवढेच. आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न १९५६ पासून घराबाहेर इतका तापलेला आहे की घरातल्या माणसाची भाषा बदलली तरी त्यात दुरावा दिसू लागतो. मराठीवरचे आपले प्रेम आणि तिच्या हक्काची मागणी आपल्या जागी रास्तच आहे, पण मामींच्या खाटेपाशी तो प्रश्न आणू नये. त्या 'बा, कुंद्रु' (ये, बस) म्हणाल्या की बसावे. बाजारापुरते कन्नड बसायला, हुंकार द्यायला आणि 'मग पुढे?' असे विचारायला पुरते. त्यापलीकडचे समजून घ्यायचे असेल, तर मामींच्या माहेरचे कोणीतरी, एखादी भाची किंवा भावजय, एखाद्या दिवशी बरोबर न्या. अशी व्यक्ती नुसता अर्थ सांगत नाही. मामींनी अर्धवट सोडलेली गोष्ट ती पुरी करते, आणि मामींच्या चेहऱ्यावर त्याने जे समाधान येते ते तुम्ही विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाने येणार नाही.

बोलायचे काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्यांचे माहेर ज्वारी-कापसाचे आणि तुमचे आजोळ भाताचे. काळ्या मातीतल्या कोरड्या मुलखातून जांबोटीच्या बाजूच्या धुवांधार पावसात वीसच्या आतली एक मुलगी येते, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली असताना तांदळाची भाकरी थापायला शिकते, चार महिने ओल्या लाकडांशी झगडते. या सगळ्यात तिला काय वाटले असेल, हे तुम्हाला आजवर माहीत आहे का? नागपंचमीला माहेरी बांधलेले झोके आणि केलेल्या उंड्या, एळ्ळ अमावास्येला शेतात नेलेली शिदोरी आणि शेंगांची पोळी, कापूस वेचतानाची गाणी, असे काहीही काढून पाहा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून वाहते आणि पुढे मामींच्या माहेरच्या मुलखात जाते. सासरच्या आणि माहेरच्या नदीचे नाव एकच, ही गोष्ट त्या काळच्या सासुरवाशिणीच्या मनात कधीतरी नक्कीच आली असेल. विचारताना उत्तराची घाई नको. प्रश्नापेक्षा वस्तू अधिक उपयोगी पडते. भाजलेल्या शेंगांची मूठ, ज्वारीचे कणीस, कापसाचे बोंड त्यांच्या हातात द्या आणि गप्प राहा. शेंगा सोलणे, पालेभाजी निवडणे, वाती वळणे यांसारखी हाताची कामे स्मृती ढासळल्यावरही पुष्कळ काळ जमतात, आणि हात कामात असताना बोलणे आपोआप फुटते. रताळीही न्या, पण 'हे आठवतंय काय' असे म्हणू नका. मोडून, फुंकर घालून, मधला गाभा त्यांच्या हातावर ठेवा.

वेळ सकाळची ठेवा, कारण दिवस कलल्यावर अशा माणसांचा गोंधळ बहुधा वाढतो. अर्धा तास पुरे. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली असे मांडले की म्हाताऱ्या माणसाने मागचे पुन्हापुन्हा आठवणे हे भरकटणे नव्हे, ते आयुष्याचा हिशेब लावून पाहणे असते. पुढे त्या विचारातून वृद्धांशी त्यांच्या आठवणींवर ठरवून बोलण्याची पद्धत रूढ झाली. तिने आजार मागे हटत नाही. काहींचे मन त्या दिवसापुरते स्थिर होते आणि घरच्यांशी बोलणे थोडे सुकर होते, एवढा लाभ दिसून आला आहे. तोही काही कमी नाही.

आता वहिनींविषयी, कारण मला तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे माणूस त्या वाटतात आणि तुम्ही त्यांना दोन ओळींत, तक्रार म्हणून उरकले आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या घरात जे काम मामी करत होत्या, ते आज वहिनी करतात, आणि त्यात मामींचे न्हाणे, औषधे, रात्रीची जागरणे, दार उघडून निघून जाण्याची धास्ती यांची भर पडली आहे. तुम्ही येता, तासभर बसता, रडून किंवा रुसून जाता. पुढचे दोन दिवस निस्तरायचे त्यांनी. त्यांचे ते वाक्य अपमान म्हणून घेऊ नका, ती एका थकलेल्या माणसाने दिलेली माहिती आहे. मामींचे ऋण फेडावे असे तुम्हाला मनापासून वाटते, हे पत्रात जागोजागी दिसते. ते ऋण मामींना फेडून घेता येण्याची वेळ आता गेली. वहिनींकडे मात्र ते फेडता येईल. महिन्यातून दोन दिवस त्यांना माहेरी जाता येईल किंवा नुसते झोपता येईल, अशा रीतीने तुम्ही तिथे मुक्कामाला राहा. आधी एकदा त्यांच्याबरोबर राहून मामींना काय चालते, काय चालत नाही, हे त्यांच्याकडून शिकून घ्या आणि त्या सांगतील तसेच करा. औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च काही अंशी उचलता येण्यासारखा असेल, तर भावाशी तसे स्पष्ट बोला. एक दिवस मामींची सगळी उसाभर स्वतःच्या हातांनी केलीत, की त्या जुन्या सुट्ट्यांबद्दल तुम्हाला जे कळेल ते मला इथे लिहून सांगता येणार नाही.

राहिला मामेभावाचा मुद्दा. ओढ्यातून तुम्हाला नेले ते मामींनी की मामांनी? तुम्हाला ताप होता, काळोख होता, पाऊस होता, आणि ज्याच्या पाठीवर आपण असतो त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते की आठवण जशीच्या तशी बाहेर निघत नाही. प्रत्येक वेळी माणूस ती नव्याने जुळवतो, आणि जुळवताना आपल्याला जे अर्थपूर्ण वाटते ते तिच्यात भरतो. मामांनी पाठीवर घेतले असेल आणि मामी कंदील धरून पुढे चालल्या असतील; दोघांनी आळीपाळीने नेले असेल; तुम्ही म्हणता तसेही झाले असेल. भावाला खोटे ठरवू नका आणि स्वतःलाही ठरवू नका. त्या घरात तापलेल्या भाचीला पावसात उचलून नेणारे कोणीतरी होते, याविषयी तुम्हा दोघांत मुळीच वाद नाही.

या आठवणी लिहून काढाव्यात, असे मला अगदी आग्रहाने सांगावेसे वाटते. 'मला असे आठवते' असे म्हणून लिहा आणि भावाचे म्हणणे वेगळे असेल तिथे तेही त्याच्या शब्दांत शेजारी लिहा. जे ताडून पाहता येईल ते पाहा. तुम्ही रेल्वेने खानापूरला उतरत असाल, तर तेव्हा त्या मार्गावर मीटरगेजची गाडी होती. आपल्या गावांत महालक्ष्मीची यात्रा काही वर्षांच्या अंतराने भरते, म्हणून 'यात्रेच्या आदल्या उन्हाळ्यात' एवढे जरी आठवले, तरी गावातली जुनी माणसे वर्ष सांगतील. शेतांची नावे, ओढ्याचे नाव, विहिरीला काय म्हणत, हे भावाला आजच विचारून ठेवा, कारण ही नावे जमिनीच्या उताऱ्यावर सापडत नाहीत. तुमच्या मुलांना या गोष्टी कंटाळवाण्या वाटत असतील तर वाटू देत. वही घरात असली म्हणजे झाले.

मामींचा आवाजही जपून ठेवा. भाऊ-वहिनींची संमती घेऊन मोबाईल बाजूला ठेवावा आणि रेकॉर्डिंग चालू करावे. त्यांच्या तोंडापुढे धरू नये. त्या जात्यावर ओव्या म्हणत असतील, तर तुम्हाला येणारी एखादी ओवी हळू आवाजात सुरू करून पाहा, कारण चालीत बसलेले शब्द बोलण्यातल्या शब्दांपेक्षा उशिरा हरवतात. हेमा राईरकर आणि गी प्वातेव्हां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या अशाच बायकांच्या तोंडून. मामींच्या तोंडून कदाचित ओवीऐवजी माहेरचे जात्यावरचे कन्नड पद निघेल. तेही तितक्याच जिव्हाळ्याने जपून ठेवा, आणि त्याखाली तारीख, गाव व मामींच्या माहेरचे नाव लिहा.

आज संध्याकाळी, घरची कामे आवरण्याची वेळ टाळून, वहिनींना फोन करा. मागच्या खेपेबद्दल फार बोलू नका. पुढच्या महिन्यात कोणते दोन दिवस त्यांना सोयीचे पडतील, एवढेच विचारा, आणि मामींच्या तपासणीचे कागद असतील तर ते काढून ठेवायला सांगा.